पाठ बघायला कोण येतं?

आमच्याकडे मुलगी पदवीधर झाली की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, "बी.एड. करून ठेव." लोणचं घालून ठेवावं तसं. लागेल तेव्हा बरणीतून काढायचं. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मामांनी मला हेच सांगितलं, आणि यंदा मावसबहिणीला तेच सांगण्यात आलंय. तिचे प्रश्न रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतात. ताई, टीईटी आणि टेट एकच का? बी.एड. झाल्यावर अर्ज शाळेत नेऊन द्यायचा का? टाचण म्हणजे काय? तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढावं म्हटलं. यात सल्ला कमी आणि हकीकत जास्त आहे.

सुरुवात सीईटीपासून, म्हणजे बी.एड.च्या प्रवेश परीक्षेपासून. माझी २०२२ सालची. राज्याचा सीईटी कक्ष ही परीक्षा संगणकावर घेतो. शंभर प्रश्न, दीड तास. मानसिक क्षमतेला ४० गुण, सामान्य ज्ञानाला ३० आणि शिक्षक अभियोग्यतेला ३०. पदवीला खुल्या गटातून ५० टक्के लागतात, राखीव गटातून ४५. परीक्षा अवघड नाही. अभियोग्यतेचे प्रश्न तर मजेशीर असतात. वर्गात एक मुलगा सारखा खिडकीबाहेर बघतोय, तुम्ही काय कराल, असा थाट. पर्यायांत त्याला उभं करणं असतं, मुख्याध्यापकांकडे पाठवणं असतं, दुर्लक्ष करणं असतं, आणि 'त्याच्याशी आपुलकीने बोलून कारण समजून घ्याल' हे असतं. उत्तर अर्थातच शेवटचं. मला शिकवलेल्या शिक्षकांपैकी किती जणांनी तो पर्याय निवडला असता, याचा विचार मी परीक्षा संपल्यावर बसस्टॉपवर केला.

मग कॅपच्या म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, पर्याय भरणं, कागदपत्रांची पडताळणी, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज. हे सगळं आता सगळ्याच कोर्सांना असतं, त्यात बी.एड.चं वेगळं काही नाही. मला कोल्हापूर शहरातच महाविद्यालय मिळालं. पन्नासाची एक तुकडी. निम्म्याहून जास्त मुली, त्यातल्या कित्येक लग्न झालेल्या, दोघीतिघींची मुलं शाळेत जाणारी.

बी.एड. पूर्वी एका वर्षाचं होतं. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. जुने शिक्षक याबद्दल कुरकुरतात, "आम्ही एका वर्षात शिकलो, आम्हाला काय शिकवता येत नाही?" पण त्यामागे एक कारण आहे आणि ते महाराष्ट्राला फारसं भूषणावह नाही. आपल्याकडच्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेवरून एवढे वाद झाले की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला, त्याचा अहवाल २०१२ साली आला, आणि त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने म्हणजे एनसीटीईने २०१४ चे नियम काढले. शिक्षक घडवायची दुकानं गल्लोगल्ली निघाली होती, त्यावरचा हा इलाज. दुकानं बंद झाली का, ते ज्याने त्याने आपल्या आसपास बघावं.

थिअरीचे पेपर मी पटकन ओलांडते. बाल्यावस्था, अध्ययन-अध्यापन, समकालीन भारत आणि शिक्षण, मूल्यमापन. पियाजे, वायगोत्स्की, ब्लूम ही अभ्यासकांची नावं झोपेतसुद्धा म्हणता येतील इतकी पाठ होतात. आमच्याकडे चर्चासत्र कुठल्याही विषयावर असलं तरी सुरुवात राजर्षी शाहूंपासून होते. १९१७ साली सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्यानंतर आजऱ्याच्या बहिरेवाडीत जन्मलेले आणि देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले जे. पी. नाईक. एकदा आमच्या एका सरांनी मध्येच थांबवून विचारलं, "दंडाचं कळलं. पण गावोगाव शाळा काढायच्या म्हणजे शिकवणारी माणसं लागणार. ती कुठून आणायची?" वर्गात कुणी बोललं नाही. सरही लगेच पुढे गेले नाहीत, बराच वेळ आमच्याकडे बघत उभे राहिले. ही थांबण्याची कला ते आम्हाला शिकवत होते हे नंतर समजलं.

कारण खरं बी.एड. सुरू होतं ते सूक्ष्म अध्यापनापासून. पूर्ण पाठ घ्यायच्या आधी एकेक कौशल्य सुटं करून घासायचं. प्रश्न विचारणं हे एक कौशल्य. फलकलेखन दुसरं. शिवाय कथन, दिग्दर्शन म्हणजे करून दाखवणं, प्रबलन म्हणजे शाबासकी देऊन उत्तेजन, चेतक बदल म्हणजे लक्ष टिकावं म्हणून आवाज-हालचाल बदलत राहणं. एका वेळी एकच. समोर वर्गातलेच सहा-सात जण विद्यार्थी होऊन बसतात, आणि त्यातला एक तरी "मॅडम, पाणी प्यायला जाऊ?" म्हणणारा निघतोच. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण म्हणजे पाठ कसा झाला ते बघणाऱ्यांनी सांगणं, बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, सहा मिनिटं तोच पाठ नव्याने, परत सहा मिनिटं प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं चक्र. मागे बसलेल्यांच्या हातात निरीक्षण तक्ता असतो. प्रश्न नेमका होता का, प्रश्न आधी आणि नाव नंतर घेतलं का, प्रश्न विचारल्यावर थांबलात का, तोच प्रश्न उगाच दोनदा म्हणालात का. प्रत्येकापुढे खूण करायची.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच हा पोरखेळ वाटला. विशीतली-तिशीतली माणसं आठवीची मुलं होऊन बसलीत आणि समोर कुणीतरी 'वनस्पतींचे भाग' शिकवतंय. पण दुसऱ्या-तिसऱ्या चक्रात काहीतरी बदलायला लागतं. आमच्यातली एक जण फार छान बोलायची, कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली. तिच्या प्रत्याभरणाला एका अबोल मुलाने तक्ता वाचून दाखवला, "सगळे प्रश्न उजव्या बाजूच्या तिघांना गेले." ती रागावली. पण दुसऱ्या वेळी पाठ घेताना तिची मान दर प्रश्नाला डावीकडे वळायला लागली. कुठल्याही पुस्तकातून हे कळत नाही. कुणीतरी मागे बसून मोजावं लागतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला विराम मिळाला. सर सगळ्यांनाच सांगायचे, प्रश्न विचारलात की मनात पाचपर्यंत मोजा. पाच सेकंद म्हणजे काही नाही असं आत्ता वाचताना वाटेल. फळ्यासमोर उभं राहून बघा. ती शांतता अंगावर येते. हात नुसते खडूशी चाळा करायला लागतात, आणि उत्तर आपल्याच तोंडून निसटू पाहतं. पण तीन-चार सेकंदांनंतर, ज्या पोराने आजवर तोंड उघडलं नाही त्याचा हात अर्धा वर येतो. मुलांच्या शाळेत गेल्यावर मला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा ब्लूमच्या वर्गीकरणाचा झाला नाही.

सूक्ष्म पाठांनंतर सेतू पाठ, म्हणजे दोन-तीन कौशल्यं एकत्र करून. मग दिग्दर्शन पाठ बघायचे, म्हणजे सरांनी किंवा मुरलेल्या शिक्षकाने घेतलेला पाठ मागे बसून बघायचा. आणि मग सराव पाठ, खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर. इथं येतं टाचण.

टाचण म्हणजे पाठाचा लेखी आराखडा. रकाने आखायचे. आशय, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक, मूल्यमापन. आदल्या दिवशी सरांची सही हवी, सही नाही तर पाठ नाही. लाल शाईने भरलेली पानं परत यायची. रात्री एक वाजता पुन्हा लिहायचं, वर तक्ते रंगवायचे. महाद्वार रोडच्या स्टेशनरीवाल्यांना आमची तुकडी कुठल्या पाठापर्यंत आलीय हे आमच्या आधी समजत असावं. जुन्या तुकड्यांची टाचणं हातोहात फिरतात हे उघड गुपित आहे. त्यातला 'विद्यार्थी कृती' हा रकाना तर निव्वळ विनोद. मुलं उद्या काय उत्तर देतील ते आज लिहायचं. 'विद्यार्थी: होय मॅडम.' 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' मुलांनी कधी माझं टाचण वाचलं नाही, त्यामुळे त्यांनी तसं वागायचं काही कारण नव्हतं.

तरी टाचणाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. 'स्पष्टीकरण' या रकान्यात लिहावं लागतं की तास संपल्यावर विद्यार्थी नेमकं काय करू शकेल. फरक सांगेल, उदाहरण देईल, आकृती काढेल, सूत्र वापरेल. 'समजेल' असं लिहिलं की लाल रेघ. समजलं हे तुम्हाला कसं दिसणार, असा सरांचा शेरा. हा एक रकाना मी आजही मनातल्या मनात भरते. बाकीचे सोडले.

नियमाप्रमाणे दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. त्याला आंतरवासिता म्हणतात. एरवी ८० टक्के हजेरी चालते, इथं ९० टक्के लागते.

पहिले चार आठवडे मला करवीर तालुक्यातली सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा मिळाली. गळीत हंगाम जोरात होता. केएमटीच्या बसमधून जाताना रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, आणि वर्गात मागच्या रांगेत दोन-तीन मुलं अशी की जी मराठवाड्यातून आई-बापांबरोबर तोडीला आलेली. हंगाम संपला की ती जाणार. त्यांचं नाव हजेरीत कसं घ्यायचं, त्यांना कुठल्या इयत्तेत बसवायचं, हे तिथल्या शिक्षकांनी आपापल्या समजुतीने मिटवलं होतं. आमच्या कुठल्याच पेपरात ते नव्हतं, किंवा एका वाक्यात 'स्थलांतरित बालकांच्या समस्या' म्हणून होतं. त्या चार आठवड्यांत मी शिकवलं थोडं आणि बघितलं जास्त. एक गुरुजी तिसरी आणि चौथी एका खोलीत कशी सांभाळतात, एका गटाला काम लावून दुसऱ्याकडे कसे वळतात. त्यांच्याकडे कसलंही टाचण दिसलं नाही, पण कुठल्या मुलाचं कुठं अडलंय हे ते तोंडपाठ सांगायचे.

दुसऱ्या वर्षीची शाळा शहरातली, अनुदानित, जुनी, मोठी. माझे अध्यापनाचे विषय विज्ञान आणि गणित. तिथं मला मार्गदर्शक म्हणून मिळालेल्या बाई विज्ञानाच्या, वीसेक वर्षं शिकवणाऱ्या, एका वर्षाच्या बी.एड.वाल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुमच्या त्या वह्या तुमच्या सरांना दाखवा. मी फक्त मागं बसणार." आणि त्या खरोखर मागे बसायच्या. बऱ्याच शाळांत मार्गदर्शक शिक्षक तास छात्राध्यापिकेवर सोपवून पेपर तपासायला बसतात. या बसायच्या, आणि मुलांच्या वह्यांत डोकावायच्या.

आठवीला 'बल व दाब' हा धडा पावसाळ्यात येतो. त्या आठवड्यात पंचगंगा चढत होती. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेली मुलं ती. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी त्यांना क्रिकेटच्या धावसंख्येसारखी पाठ असते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, ही माहिती मला वर्गाकडूनच मिळाली असती. मी द्रवाचा दाब खोलीप्रमाणे वाढतो यावर आले होते. बाजूने भोकं पाडलेली प्लास्टिकची बाटली, वरची धार जवळ पडते, खालची लांब. प्रयोग झाला, सगळे खूश. तेवढ्यात मधल्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, राधानगरी धरणाची दारं रात्री कोण उघडतं?"

दुसरा कुणी म्हणाला, "कोण न्हाई, आपोआप उघडत्यात."

"आपोआप म्हंजे कसं?"

टाचणात हे कुठं नव्हतं. मागच्या बाकावर त्या दिवशी बाईंच्या शेजारी आमचे सरही बसलेले, निरीक्षण वही उघडी. मी प्रश्न वर्गाकडे वळवला आणि पाचपर्यंत मोजायला लागले. मोजता मोजता दोघंतिघं उभी राहिली. एकजण म्हणाला मोटर असेल. एक म्हणाली लाइट गेल्यावर काय? मग बाटलीकडे बघत एका मुलीने सांगितलं की पाणी वर चढलं की दाब वाढणार, मग तोच दाराला ढकलत असेल. फळ्यावर दार काढलं, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वजन. पातळी वाढते, दाब वाढतो, ठरावीक उंचीला तोल बदलतो, दार उघडतं. पाणी उतरलं की पुन्हा बसतं. कुणी कळ दाबायची गरज नाही. घंटा झाली तरी दोन मुलं फळ्यापाशी.

सरांच्या वहीत शेरा होता: 'टाचणापासून विचलन. योग्य. मूल्यमापन राहिले.' बाईंचं वेगळं. त्या म्हणाल्या, "पोरं बोलली ते चांगलंच झालं. पण आकृती एवढीशी काढली. शेवटच्या दोन बाकांवर काय दिसलं नाही, मी तिथंच बसले होते."

दोघांचंही खरं होतं. एकाच तासाकडे दोन माणसांनी दोन बाजूंनी बघितलं आणि दोन वेगळ्या उपयोगाच्या गोष्टी माझ्या हातात दिल्या. त्या सोळा आठवड्यांत असे किती तास मिळाले. याखेरीज घटक चाचणीचा संविधान तक्ता म्हणजे कुठल्या भागाला किती गुण याचा आराखडा, कृती संशोधन, सहशालेय उपक्रमांचे अहवाल, सगळं फाइलबंद होऊन महाविद्यालयात जमा झालं. त्यातलं मला फारसं काही आठवत नाही.

मध्येच, ऑगस्ट २०२३ मध्ये, एक बातमी वर्गात येऊन आदळली. २०१८ पासून बी.एड.वाल्यांनाही पहिली ते पाचवीला शिकवता येईल अशी अधिसूचना होती, फक्त नंतर सहा महिन्यांचा कोर्स करायचा. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवायला डी.एड., आता ज्याला डी.एल.एड. म्हणतात, तेच हवं. न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. आकडेमोड न येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला शिकवायचं प्रशिक्षण आम्हाला कुणी दिलंच नव्हतं. पण आमच्यातल्या ज्यांनी गावाजवळच्या प्राथमिक शाळेचा हिशोब मांडला होता, त्यांचे चेहरे त्या दिवशी बघवत नव्हते. मावसबहिणीने हे आधीच समजून घ्यावं: बी.एड. म्हणजे सहावीपासून पुढं.

आता टीईटी आणि टेट. बी.एड. झालं की शिक्षक झालो असं घरच्यांना वाटतं. पण सहावी ते आठवीला शिकवायचं तर शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी पास हवी. त्यात पेपर दोन आपला. १५० प्रश्न, अडीच तास. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला ३०, दोन भाषांना तीस-तीस, आणि ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राला. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांपुरतं होतं, २०२१ पासून कायमचं झालंय. नववी-दहावीसाठी टीईटी लागत नाही, पण दोन्ही दारं उघडी ठेवायची तर ती द्यावीच.

ऐकायला ही साधी परीक्षा वाटते. मी १० नोव्हेंबर २०२४ ला दिली, आणि त्या परीक्षेत बसलेल्या शंभरातले चारसुद्धा पास झाले नाहीत. मी त्या थोड्यांत होते ते गणित-विज्ञानाच्या जोरावर. भाषांनी मला दमवलं. केंद्रावर बोटांचे ठसे, कॅमेरे, दारात तपासणी. त्याला कारण आहे. आधीच्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचा प्रकार पुणे पोलिसांनी २०२१ मध्ये उघडकीला आणला होता, आणि त्यात साडेसात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली. आमच्या अभ्यासिकेत एका भिंतीवर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'त्यांच्यामुळं आपली झडती.'

टीईटी पास झाली तरी नोकरी मिळत नाही. त्यासाठी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही पात्रतेची नाही, गुणवत्ता यादीची. पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. मधली वर्षं ज्यांची गेली त्यांना विचारा. दोनशे प्रश्न, दोन तास. अभियोग्यतेचे १२०, बुद्धिमत्तेचे ८०. भागाकार केला तर एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. सूक्ष्म अध्यापनात एका कौशल्यासाठी छत्तीस मिनिटं होती.

मी २०२५ ची टेट दिली. राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत महिनोन्‌महिने आकृत्यांच्या मालिका, नातेसंबंध, घड्याळाचे कोन. शेजारी एमपीएससीची मुलं, समोर बँकेची, आणि सगळ्यांसमोर पुस्तकं जवळपास तीच. घड्याळाचे काटे तीन वाजून वीस मिनिटांनी किती अंशाचा कोन करतात हे मला आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. वीस अंश. पण आठवीच्या पोराने विचारलेल्या प्रश्नावर मी थांबते की घाईने उत्तर देते, हे त्या दोन तासांत कुणाला कळणार नव्हतं, आणि कळावं अशी त्या परीक्षेची अपेक्षाही नव्हती.

पुढचा टप्पा पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याचं शिक्षकभरतीचं संकेतस्थळ. तिथं स्व-प्रमाणपत्र भरायचं, जाहिराती आल्या की प्राधान्यक्रम लावायचे, लॉक करायचे, मग यादीची वाट बघायची. जाहिरात यायच्या आधी संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरावं लागतं, बिंदुनामावली म्हणजे आरक्षणाचा तक्ता तपासून घ्यावा लागतो, कुणी न्यायालयात गेलं तर सगळं थांबतं. मी अजून या टप्प्याच्या उंबऱ्याशी आहे. पण माझ्या आधीच्या तुकडीतली एक मैत्रीण २०२३ च्या टेटवर, २०२४ च्या फेब्रुवारीत अकरा हजारांवर जणांची यादी लागली त्यात निवडली गेली. रत्नागिरी जिल्हा परिषद, उच्च प्राथमिक शाळा. आंबा घाट उतरून एसटीने जाते. तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना १६ हजार. माध्यमिकला असती तर १८. हे मानधन २०२३ मध्ये वाढलं, त्याआधी सहा आणि आठ हजार होतं. मी तिला फोनवर विचारलं, निवड होईपर्यंत तुझा एखादा तास कुणी बघितला का? ती हसली. म्हणाली, "कागद बघितले. मूळ प्रती, साक्षांकित प्रती, नॉन क्रिमिलेयर, अधिवास. मला कुणी बघितलं नाही."

यावर मी बराच काळ चिडून बोलत असे. शिक्षक निवडायचा आणि त्याला शिकवताना बघायचं नाही? गायक निवडताना गाणं ऐकत नाहीत का? एकदा मार्गदर्शक बाईंसमोरही बोलले. त्यांनी मला शांतपणे जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी खासगी संस्थांत मुलाखती व्हायच्या, पाठही घ्यायला लावायचे. पाठ छान व्हायचा, चहा यायचा, आणि मग कुणीतरी बाजूला घेऊन आकडा सांगायचं. देणगी. जमीन विकून नोकरीला लागलेले लोक त्यांनी बघितलेत. त्यांच्याबरोबर मुलाखतीला गेलेली एक हुशार मुलगी आकडा ऐकून घरी गेली आणि पुन्हा कधी शाळेकडे फिरकली नाही. "मागं बसणाऱ्याचा हेतू चांगला पाहिजे," बाई म्हणाल्या. "नाहीतर संगणक बरा. त्याला देणगी कळत नाही."

त्यामुळे माझा राग गेला असं नाही, पण त्याचा पत्ता बदलला. पोर्टलवर खासगी संस्थांसाठी 'मुलाखतीसह' हा पर्याय आजही आहे, त्यात संस्था टेटच्या यादीतल्या ठरावीक उमेदवारांनाच बोलावू शकते आणि पाठ बघू शकते. वाट तशी मधली आहे. तरी माझ्या ओळखीतले बरेच जण प्राधान्यक्रमात 'मुलाखतीशिवाय' वरच ठेवतात. का, ते कुणी उघड सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

मी सध्या एका शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. पैशांचं बोलण्यात अर्थ नाही. वर्गात एकटीच असते. मागचा बाक रिकामा, म्हणजे त्यावर मुलं असतात, वहीवाला कुणी नसतो. कधीकधी स्वतःच मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करते आणि बसमध्ये ऐकते. प्रश्न विचारल्यावर किती थांबले ते त्यात नीट ऐकू येतं. फळ्यावरची आकृती केवढी होती ते ऐकू येत नाही, त्यासाठी एका सहकारी बाईंना अधूनमधून मागे बसायला बोलावते. त्यांना पहिल्यांदा हे विचित्र वाटलं. आता त्यांनीही मला त्यांच्या तासाला बोलावलंय.

मावसबहिणीला दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. नॉन क्रिमिलेयरची मुदत बघून ठेव, जाहिरात येईल त्या दिवशी ती संपलेली असते. पदवीच्या आणि बी.एड.च्या गुणपत्रकांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का तपास. टीईटीचा अभ्यास दुसऱ्या वर्षातच सुरू कर, मानसशास्त्र तेव्हा ताजं असतं. आणि धाकट्या भावाला शिक्षकच व्हायचं असेल तर त्याला बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक कोर्सची चौकशी करू दे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत तीच किमान पदवी व्हायची आहे.

मार्गदर्शक बाईंचा फोन सप्टेंबर २०२५ मध्ये आला. महिन्याच्या पहिल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला होता: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ राहिलेल्या, आठवीपर्यंत शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हावंच लागेल, दोन वर्षांच्या आत. बाईंच्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. स्टाफरूममध्ये एकच गदारोळ, कुणी संघटनेच्या मोर्चाचं बोलतंय, कुणी स्वेच्छानिवृत्तीचं. बाईंनी त्यातलं काही सांगितलं नाही. थेट विचारलं, "तुझ्या नोट्स आहेत का गं अजून?"

मी रविवारी त्यांच्या घरी जाते. गणित-विज्ञानाचे साठ गुण त्यांच्या हातचे आहेत, त्याला आम्ही हातही लावत नाही. मानसशास्त्रात वायगोत्स्की त्यांच्या बी.एड.ला नव्हता, 'निकट विकास क्षेत्र', म्हणजे मुलाला एकट्याला नाही पण थोड्या मदतीने जमेल एवढा टप्पा, समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "हे तर रोजचंच आहे, याला नाव आहे होय?" अडतं ते दुसऱ्या भाषेत, इंग्रजीच्या प्रीपोझिशन्सवर. मी प्रश्न विचारते, त्या चष्मा वर करून माझ्याकडे बघतात, आणि मी लगेच उत्तर सांगितलं की रागावतात. म्हणतात, थांब की जरा.